जुन्या मोटारीची मंदगती : बिघाड कसा ओळखावा?



धावत्या मोटारीकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु यंत्राची खरी परीक्षा मोटार उभी असते तेव्हा होते. चौकात पोलिसाने हात दाखविला, फेरीबोटीच्या धक्क्यावर रांग लागली किंवा घाटातील वळणावर समोरून मालवाहू गाडी आली, म्हणजे चालक वेगदांडीवरील पाय काढून घेतो. अशा वेळी एंजिनाने स्वतःच्या बळावर, कोणाच्याही मदतीवाचून, शांतपणे फिरत राहावे अशी अपेक्षा असते. या स्थितीला आपण मंदगती म्हणू. आमच्या भागातील गॅरेजांत कोंकणी, मराठी, कानडी बोलणारे कारागीर खांद्याला खांदा लावून काम करीत असतात. घरी त्यांच्या भाषा वेगळ्या असल्या तरी या बिघाडाविषयी त्यांचे बोलणे एकच असते : "गाडी स्लोला राहात नाही."

हे दुखणे दिसायला किरकोळ आहे. तरीही त्यापायी कित्येक कुटुंबांनी आपली चांगली मोटार कवडीमोलाने भंगारात घातलेली आहे. म्हणून या लेखात आम्ही एका जुन्या, सर्वांच्या परिचयाच्या मोटारीचे उदाहरण घेऊन हा बिघाड कसा शोधावा व कसा दूर करावा, याची फोड करणार आहो. ज्यांच्या घरी मोटार नाही त्यांनीही हा लेख अवश्य वाचावा. कारण बिघाड शोधण्याची जी रीत येथे सांगितली आहे, ती पाण्याच्या पंपापासून गणितातील चुकलेल्या उदाहरणापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते.

उदाहरणादाखल घेतलेली मोटार

मुंबईच्या कुर्ला भागातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० व तिचीच पुढील आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी, या मोटारी आपल्या वडिलांनी व आजोबांनी पाहिलेल्या आहेत. शेठ वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली स्थापन केली. पद्मिनी हे नाव १९७४ पासून रूढ झाले आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून कायमची निवृत्त झाली. परंतु खासगी मालकीच्या काही पद्मिनी अद्यापही जिवापाड जपलेल्या आढळतात.

या मोटारीच्या एंजिनात चार सिलिंडर असून त्यांचे एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आहे. तिला पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पुरविणारा कार्बोरेटर बहुधा सोलेक्स जातीचा असतो. तिच्यात संगणक नाही, की विजेच्या तारांचे जंजाळ नाही. झाकण उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो व हाताला लागतो. म्हणूनच अभ्यासाला ही मोटार फार सोयीची आहे.

मंदगतीत काय घडते?

मंदगतीत असे एंजिन मिनिटाला सुमारे ७०० ते ८०० फेरे घेते. चार टप्प्यांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. म्हणजे ८०० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०० आणि चारही सिलिंडर मिळून १६०० ठिणग्या एका मिनिटात पडतात. एका सेकंदाचा हिशेब केला तर जवळजवळ सत्तावीस. यांतील प्रत्येक चौथी ठिणगी जरी वाया गेली, तरी एंजिनाचा ताल मोडतो आणि मोटार थरथरू लागते. वेगात धावताना जड चाकाला मिळालेली गती अशी एखादी चूक झाकून टाकते. मंदगतीत मात्र गतीचा साठा थोडा असल्यामुळे चूक उघडी पडते. अनुभवी कारागीर मंदगतीचा आवाज कान देऊन ऐकतो, तो याच कारणासाठी.

आता कार्बोरेटरचे काम पाहू. डास मारण्याचा हातफवारा आपण पाहिला असेल. त्यातील हवेचा झोत नळीच्या तोंडावरून वेगाने गेला की तेथील दाब कमी होतो व खालच्या डबीतील औषध वर चढून तुषाररूपाने बाहेर पडते. वाहत्या द्रवाचा वेग व दाब यांचा हा संबंध डॅनियल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. कार्बोरेटरच्या मधल्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब घटतो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल ओढले जाते.

पण येथेच एक अडचण उभी राहते. मंदगतीत वेगदांडीवर पाय नसतो, त्यामुळे गळ्याखालची फुलपाखराच्या आकाराची झडप जवळजवळ मिटलेली असते. हवा इतकी थोडी व इतकी सावकाश जाते, की गळ्यातील दाब पुरेसा घटत नाही व मुख्य जेटमधून पेट्रोलचा थेंबही येत नाही. मग एंजिन जगते कशावर? मिटलेल्या झडपेच्या खालच्या बाजूला एंजिन सारखे शोषण करीत असते. सुस्थितीतील एंजिनात तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याच्या सुमारे ४५० ते ५०० मिलिमीटरांनी कमी असतो. या जोरदार शोषणाचा उपयोग करून घेण्यासाठी कार्बोरेटरमध्ये एक स्वतंत्र, बारीक वाट ठेवलेली असते. मंदगतीच्या लहान जेटमधून थोडे पेट्रोल येते, त्यात वाटेतच थोडी हवा मिसळते आणि हे फेसाळ मिश्रण झडपेच्या काठाखालच्या एका छिद्रातून आत जाते.

या छिद्रावर एक निमुळत्या टोकाचा स्क्रू असतो. तो आत फिरविला की मिश्रणातील पेट्रोल कमी होते, बाहेर फिरविला की वाढते. हा मिश्रणाचा स्क्रू. दुसरा स्क्रू झडप किती उघडी राहावी हे ठरवितो; तो वेगाचा स्क्रू. हे दोन स्क्रू व त्यांची कामे नीट लक्षात ठेवावीत, कारण पुढील सर्व गोंधळ या दोघांची अदलाबदल केल्याने होतो.

झडपेच्या काठाजवळ आणखी एकदोन बारीक छिद्रे असतात. पाय किंचित दाबला की ती उघडी पडतात व मंदगतीपासून मुख्य जेटपर्यंतचा मधला काळ सांभाळतात. त्यांना आपण संक्रमणछिद्रे म्हणू. त्यांचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

लक्षणांवरून निदान

वैद्य रोग्याला औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो. मोटारीच्या बाबतीतही तसेच करावे. मंदगतीची दुखणी मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार, एंजिन बंद पडणे. पाय काढताच फेरे घसरत जातात व एंजिन थांबते. मंदगतीचा जेट कचऱ्याने तुंबलेला असणे, वेगाचा स्क्रू फार मागे गेलेला असणे, हवेची गळती अथवा दुबळी ठिणगी ही याची नेहमीची कारणे होत.

दुसरा प्रकार, फेरे उगाच वाढलेले असणे. एंजिन उभ्या जागी ओरडत राहते. वेगदांडीची तार किंवा सांधे गंजून अडकणे, झडप पुरती न मिटणे, चोकची खुंटी आत ढकलूनही तिची तार खाली मागे न जाणे, ठिणगी वेळेपूर्वी पडणे, किंवा कोठून तरी जास्तीची हवा आत येणे यांपैकी काहीतरी असते.

तिसरा प्रकार, फेरे कमीजास्त होत राहणे किंवा एंजिन थरथरणे. याला गॅरेजांत "मिसिंग" म्हणतात. थरथर एका ठरावीक तालाची असेल तर बहुधा एकच सिलिंडर काम करीत नाही. फेरे लाटेप्रमाणे चढत-उतरत असतील तर मिश्रणाचे प्रमाण बिघडले आहे असे समजावे. निकासनळीतून काळा धूर व प्लगवर कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त. प्लगचे टोक पांढुरके व मागे फटफट आवाज होत असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

त्याचबरोबर विचारावे : हा त्रास थंड एंजिनाला होतो की तापल्यावर? रोज होतो की पावसातच? हळूहळू वाढला की एखाद्या दुरुस्तीनंतर एकाएकी सुरू झाला? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे अर्धे निदान झाले.

तपासणीचा क्रम

येथे एक नियम आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. कार्बोरेटरला हात सर्वांच्या शेवटी लावावा. स्क्रू फिरविणे सोपे असते, म्हणून पुष्कळ लोक प्रथम तेच करतात. मग मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर चुकीच्या जुळवणीचा दुसरा दोष चढतो. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम, जे डोळ्यांना दिसते ते पाहावे. हवेची जाळी धुळीने भरली आहे काय? पेट्रोलची नळी चिरली आहे काय? वेगदांडी सोडल्यावर झडप पूर्णपणे आपल्या जागी येते काय? चोकची खुंटी आत ढकलल्यावर तार खरोखरच मागे जाते काय?

दुसरे, ठिणगी. प्लग काढून साफ करावेत व त्यांतील फट त्या मोटारीच्या पुस्तिकेप्रमाणे मोजपट्टीने जुळवावी. वितरकाच्या टोपणाखाली जे पॉइंट असतात, ते मिनिटाला सोळाशे वेळा उघडतात व मिटतात हे आपण वर पाहिलेच. त्यांवर खड्डे पडतात, फट बदलते व ठिणगीची वेळही सरकते. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात टोपणाच्या आत दमटपणा धरतो. ते कोरड्या फडक्याने पुसले एवढ्यानेच अनेकदा काम भागते. पॉइंटची फट जुळविल्यानंतर ठिणगीची वेळ पुन्हा तपासावी. आधी वेळ व मग फट असा उलटा क्रम केल्यास श्रम वाया जातात.

तिसरे, एंजिनाची अंतर्गत प्रकृती. व्हाल्व्हची फट चुकलेली असली किंवा एखादा व्हाल्व्ह जळालेला असला, तर त्या सिलिंडरमध्ये दाब धरत नाही. दाबमापकाने चारही सिलिंडर तपासावेत. तीन सिलिंडर एकसारखे व चौथा फारच कमी निघाला, तर कार्बोरेटरवर घेतलेली सर्व मेहनत व्यर्थ होय.

चौथे, चोरवाटेने येणारी हवा. कार्बोरेटर व त्याची बैठक यांमधील पॅकिंग, शोषनळीचे जोड, तिला जोडलेल्या रबरी नळ्या, आणि झडपेचा झिजलेला दांडा या चार जागा पाहाव्यात. एंजिन मंदगतीत ठेवून एकेका सांध्यावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडावेत. जेथे पाणी आत शोषले जाईल व एंजिनाचा आवाज बदलेल, तेथे गळती आहे. काही लोक या कामासाठी पेट्रोल शिंपडतात. ते आगीला निमंत्रण आहे, कोणीही तसे करू नये.

पाचवे व शेवटचे, कार्बोरेटर. मंदगतीचा जेट काढून स्वच्छ करावा व त्यात हवा फुंकावी. तार किंवा टाचणी कधीही घालू नये. जेटचे छिद्र ठरावीक मापाचे असते. ते तारेने किंचित मोठे झाले, तरी तो जेट निकामी होतो. पेट्रोलच्या वाटीतील तरंगता गोळा व त्याची सुई तपासावी. सुई नीट बसत नसेल तर वाटी ओसंडते व मिश्रण दाट होते.

एक प्रत्यक्ष प्रकरण

ही रीत कशी उपयोगी पडते, हे आमच्या पाहण्यातील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कुटुंबाजवळ जुनी पद्मिनी होती. घरातील वृद्ध आजोबांना दर आठवड्यास तालुक्याच्या रुग्णालयात न्यावे लागे व त्यासाठी तिच्यावाचून दुसरे साधन घरात नव्हते. मोटार सकाळी चोक ओढून लगेच सुरू होई. परंतु तापल्यावर चोक आत ढकलला की बंद पडे. दोन ठिकाणी दाखवून झाले होते. प्रत्येक ठिकाणी वेगाचा स्क्रू थोडा थोडा पुढे केला गेला. त्यामुळे मोटार बंद पडेनाशी झाली खरी, पण आता ती उभ्या जागी ओरडू लागली, गिअर टाकताच हिसका देऊ लागली व पेट्रोल भराभर संपू लागले. शेवटी घरच्यांनी ती भंगारात द्यावयाचे ठरविले.

त्यांच्या ओळखीच्या एका वयस्क कारागिराने एक दिवस मागून घेतला. त्याने प्रथम प्लग व पॉइंट तपासले. ते ठीक होते. एंजिन तापल्यावर चोकची खुंटी बोटभर ओढली. थरथर थांबून ताल एकसारखा झाला. याचा अर्थ काय? चोक ओढल्याने पेट्रोल वाढते. वाढलेल्या पेट्रोलाने ताल सुधारतो, त्याअर्थी एरवी मिश्रणात पेट्रोल कमी पडते. पेट्रोल कमी पडण्याची कारणे दोनच : एक तर पेट्रोलची वाट तुंबली असेल, किंवा हवा नको तेवढी येत असेल. त्याने मंदगतीचा जेट काढून धुतला. फरक पडला नाही. म्हणजे पहिले कारण गळाले. मग त्याने कार्बोरेटरच्या बैठकीभोवती साबणाचे पाणी सोडले. मागच्या बाजूस ते झटकन आत ओढले गेले आणि क्षणभर एंजिनाचा सूर बदलला.

कार्बोरेटर उतरविला तेव्हा आतील पॅकिंग फाटलेले दिसले. पूर्वी कोणीतरी नट वाजवीपेक्षा अधिक आवळल्याने खालची पट्टी किंचित वाकली होती. त्याने जाड काचेवर पॉलिशपेपर पसरून त्यावर ती पट्टी घासून सपाट केली, सर्व कण धुऊन काढले, नवे पॅकिंग घातले व दोन्ही नट आळीपाळीने, बेताने आवळले. एंजिन सुरू करताच फेरे पूर्वीपेक्षाही वाढले! घरचे लोक घाबरले. पण तो हसला. गळती बंद झाली होती, आणि गळती झाकण्यासाठी पुढे केलेला वेगाचा स्क्रू मात्र तसाच होता. तो मागे आणल्यावर एंजिन शांत झाले. पॅकिंगची किंमत फारच थोडी होती. त्या कारागिराची खरी किंमत होती ती त्याच्या विचाराच्या क्रमाला.

या प्रकरणात आणखी एक बोध आहे. वेगाचा स्क्रू फार पुढे केला की झडप उघडून संक्रमणछिद्रे मोकळी होतात आणि पेट्रोल तेथूनच येऊ लागते. मग मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवा, एंजिन दाद देत नाही. म्हणून मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल तर समजावे, की झडप फार उघडी आहे, मंदगतीची वाट तुंबली आहे, अथवा कोठे तरी हवा शिरते आहे.

जुळवणी

दोष दूर झाल्यावर जुळवणी करावी. एंजिन पूर्ण तापलेले व चोक पूर्णपणे आत असावा. मोटार बंद करून मिश्रणाचा स्क्रू अगदी हलक्या हाताने आत टेकवावा व सुमारे दीड फेरा बाहेर काढावा. तो जोराने आवळल्यास त्याच्या निमुळत्या टोकावर कंगोरा पडतो व पुढे जुळवणी कधीच साधत नाही. एंजिन सुरू करून वेगाच्या स्क्रूने फेरे मंदगतीपेक्षा थोडे अधिक ठेवावेत. नंतर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत व बाहेर फिरवून ज्या जागी एंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालते ती जागा शोधावी. मग वेगाच्या स्क्रूने फेरे खाली आणावेत. असे दोनतीन वेळा करावे. प्रत्येक वेळी स्क्रू पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये व एंजिनाला स्थिर होण्यास थोडा अवधी द्यावा. घाईने केलेली जुळवणी दुसऱ्या दिवशी सकाळी उलटते.

या जुळवणीचा संबंध केवळ मालकाच्या सोयीशी नाही. प्रदूषण तपासणी केंद्रावर निकासनळीत जी नळी घालतात, ती एंजिन मंदगतीत असतानाच. जुन्या, म्हणजे भारत टप्पा दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल मोटारींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक नसावे असा नियम आहे. मिश्रण दाट ठेवून मोटार कशीबशी चालविणारा मनुष्य आपला त्रास शेजाऱ्याच्या छातीत लोटत असतो, हे आपण विसरू नये.

आजचे पेट्रोल व जुनी मोटार

अलीकडे एक नवे कारण पुढे आले आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथॅनॉल असते. शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. इथॅनॉलला सुमारे ९ पटच पुरते. म्हणजे जुन्या जेटमधून पूर्वीइतकेच इंधन आले, तरी हवेच्या मानाने ते आता थोडे कमी पडते व मिश्रण पातळ होते. मिश्रणाचा स्क्रू किंचित बाहेर काढून मंदगतीपुरता यावर उपाय करता येतो. शिवाय इथॅनॉलने जुन्या काळचे रबर फुगते व चिरते. म्हणून नळ्या व पंपातील पडदा आजच्या इंधनाला टिकेल अशा रबराचा घालावा. इथॅनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात मोटार महिनोन्‌महिने उभी राहिली व टाकीत पाणी साठले, तर पाणी व इथॅनॉल मिळून तळाशी बसतात आणि एंजिन सुरू होताच अडखळते. यासाठी मोटार आठवड्यातून एकदा तरी काही मैल फिरवावी, किंवा टाकीतील जुने इंधन काढून टाकावे.

दक्षता

विद्यार्थ्यांनी यातील कोणतेही काम वडीलधाऱ्या माणसाच्या किंवा कारागिराच्या देखरेखीवाचून करू नये. मोटार न्यूट्रलमध्ये असावी, हातब्रेक ओढलेला असावा व चाकांना दगड लावलेले असावेत. पदर, ओढणी, सैल बाह्या व लांब केस फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावेत. प्लगच्या तारांत हजारो व्होल्टचा दाब असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. जवळपास विडी, समई अथवा चूल नसावी.

सर्वांत महत्त्वाचे, बंद गॅरेजमध्ये एंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. माणसाला आधी डोके दुखल्यासारखे वाटते, मग सुस्ती येते आणि धोका आहे हे कळण्याची शक्तीच नाहीशी होते. मंदगतीचे काम म्हणजे एंजिन बराच वेळ चालू ठेवण्याचे काम. ते उघड्या अंगणातच करावे.

समारोप

आजच्या मोटारींत कार्बोरेटर नाही. इंधन सूक्ष्म पिचकारीने सोडले जाते, निकासनळीतील प्राणवायू मोजला जातो व लहानसा संगणक क्षणाक्षणाला मिश्रण सुधारतो. तरी एंजिनाची भूक तीच आहे : योग्य प्रमाणात हवा, योग्य प्रमाणात इंधन, योग्य वेळी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. नव्या मोटारीची शोषनळी फाटली, तर तिचाही ताल असाच बिघडतो. फरक इतकाच, की तेथे दिवा लागतो व यंत्र एक आकडा दाखविते. तो आकडा लक्षण सांगतो. कारण शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते.

कार्बोरेटर कान देऊन जुळविणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांच्या हातांवर काजळी असते व त्यांतील अनेकांना शाळेची पायरी पुरती चढता आली नाही. परंतु आपण प्रयोगशाळेत जी रीत शिकतो, म्हणजे निरीक्षण करावे, शक्य कारणांची यादी करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, फरक नोंदवावा व मगच पुढे जावे, तीच रीत ते रोज आचरीत असतात. आपल्या गावात असा एखादा कारागीर असेल तर सुटीत त्याच्याकडे जावे, वही सोबत न्यावी, आणि तो काय करतो याबरोबरच कोणत्या क्रमाने करतो हेही लिहून घ्यावे. पुढील वर्षीच्या अंकासाठी अशा नोंदी आमच्याकडे आल्यास आम्हांला मोठा आनंद होईल.